होडीचं तोंड कुठल्या बाजूला

बुधवार, ९ ऑक्टोबर २००२. सकाळचे साडेनऊ. स्थळ: रत्नागिरीतल्या एका मच्छीमार सोसायटीचं जेटीवरचं कार्यालय. हजर: सचिव आंबेरकर, वायरलेसवर गनीभाई, संगणकावर हंगामी लिपिक वनिता, आणि मी. गैरहजर: कायम लिपिक दत्ताराम, नवरात्रासाठी लांज्याजवळच्या आपल्या गावी. हवा: स्वच्छ, वारा नाही. रेडिओवर मात्र सूचना की संध्याकाळपर्यंत समुद्र खवळेल, बाहेरच्या बोटींनी किनारा गाठावा.

हे त्या दिवशीच्या डायरीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. मी कामावर गेले की आधी तारीख, मग कोण हजर, मग काम, असं लिहिते. काम झालं की पुढे बरोबरची खूण. त्या दिवशीचं काम होतं, ‘प्रिंटर कागद ओढत नाही’. त्याच्यापुढे खूण आहे. बाकीचं सांगायला थोडं मागे जावं लागेल.

अठ्ठ्याण्णव साली मी गावात संगणकाचा छोटा क्लास काढला आणि जोडीला दुरुस्तीची कामं घेऊ लागले. लवकरच लक्षात आलं की लोकांचं घोडं अडतं ते यंत्रापाशी नाही, पडद्यावरच्या पहिल्या पानापाशी. सगळी नावं इंग्रजीत, खाली बारीक अक्षरात, आणि वर परदेशातल्या कुणीतरी काढलेली चित्रं. आमच्या गिऱ्हाइकांना त्यातलं काहीच ओळखीचं वाटत नसे. मग मी चित्रं बदलायला लागले.

काम सोपं होतं. चित्रावर उजवी कळ दाबायची, गुणधर्मांच्या चौकटीत जायचं, तिथे चित्र बदलण्याचं बटण असतं. नवीन चित्र मी घरी काढायचे, बत्तीस ठिपके आडवे आणि बत्तीस उभे. एवढ्याशा जागेत आंब्याची पेटी ओळखू यायला हवी आणि ती लाकडी स्टुलासारखी दिसता कामा नये. पावस गावच्या एका बागायतदारांना पेटी काढून दिली, तर ते म्हणाले, “पेटी झकास आहे, पण आंबा हापूस वाटत नाही.” चार ठिपके पिवळ्याचे केशरी केले, मग पसंत पडला.

लांज्याच्या काजू कारखानदारांना प्रत्येक चित्राच्या जागी गणपती हवा होता. एक काढून दिला. दुसऱ्या दिवशी फोन.

“मॅडम, हे उघडायचं कसं?”

“दोनदा टिचकी मारायची. काल दाखवलं होतं की.”

“कुणाच्या डोक्यावर मारायची टिचकी? आमच्याच्याने नाही व्हायचं.”

गणपती काढून नारळ ठेवला.

असल्या गोष्टींचा मला अभिमान होता आणि आजही आहे. गावात निदान साठ यंत्रांवर माझी चित्रं होती, आणि ज्यांना एबीसीडी धड येत नव्हती ती माणसं सराईतपणे काम करत होती. वाचायला लागू नये, बघून कळावं, हा माझा नियम. तो नियम मी मच्छीमार सोसायटीतही नेला.

सोसायटीचं काम असं. बोट समुद्रावर निघण्याआधी तिचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, कार्यालयाच्या खिडकीशी येऊन बोटीचं नाव आणि किती माणसं ते सांगतो. परत आला की पुन्हा येऊन सांगतो. वादळाची सूचना आली की कार्यालय बाहेर असलेल्या बोटींची यादी काढतं आणि गनीभाई एकेका बोटीला वायरलेसवरून हाक मारतात. संगणक येण्यापूर्वी या कामाला भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर खिळ्यांच्या दोन रांगा, आणि प्रत्येक बोटीच्या नावाची लाकडी पट्टी. बोट गेली की पट्टी समुद्राच्या बाजूच्या खिळ्यावर, आली की गावाच्या बाजूच्या.

पुण्याच्या एका माणसाने संगणकासाठी कार्यक्रम लिहून दिला आणि फळी उतरली. पडद्यावर दोन चित्रं आली. एक बोट गेल्याची नोंद करण्यासाठी, दुसरं आल्याची नोंद करण्यासाठी. दोन्ही चित्रं एकसारखी पिवळी, आणि दोन्हींची नावं इतकी लांबलचक की शेवटचा शब्द पडद्यावर मावेना. खाली दिसायचा तो मजकूर दोन्हीकडे एकच. आत उघडणाऱ्या चौकटीही सारख्याच, बोट, तारीख, वेळ, माणसं. फरक फक्त वरच्या पट्टीतल्या एका इंग्रजी शब्दाचा. नावं बदललीत तर कार्यक्रम बंद पडेल, अशी त्या पुणेकराने ताकीद दिली होती. ती खोटी होती हे मला दोन वर्षांनी कळलं.

म्हणून मी चित्रं बदलली. दोन होड्या काढल्या. एकीचं तोंड डावीकडे, ती गेलेली. दुसरीचं उजवीकडे, ती आलेली. नकाशात पश्चिम डाव्या हाताला असते, आणि आमचा समुद्र पश्चिमेला, एवढा सरळ विचार. दत्तारामने बघितल्या बघितल्या मान डोलावली. “बरोबर. समुद्राकडे निघाली ती गेली, घराकडे वळली ती आली. फळीसारखाच की हो.”

त्याला बरोबर वाटलं, कारण त्याचं टेबल तेव्हा उत्तरेकडे तोंड करून होतं आणि खरा समुद्र त्याच्याही डाव्या हाताला होता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. बघणारा कुठे बसला आहे याचा विचार मी केलाच नव्हता.

त्याच वर्षी पावसाळ्यात कौलं गळायला लागली. टेबल समोरच्या भिंतीला नेलं. वायरी मीच हलवल्या. डायरीत नोंद आहे: टेबल हलवणे, प्लग, प्रिंटर, उंदराची, म्हणजे माऊसची, वायर लांबवणे. चारही पुढे खुणा. आता दत्तारामचं तोंड दक्षिणेला आणि समुद्र उजव्या हाताला. त्याचा हात सवयीने बरोबर चित्रावर जायचा. तोंड डावीकडे की उजवीकडे, हे तो केव्हाच बघायचा बंद झाला होता.

नवरात्रात त्याच्याकडे गावच्या देवीचा मान होता. रविवारी दुपारच्या गाडीने जायचं होतं. त्याच्या जागी आंबेरकरांनी वनिताला बोलावलं. वनिता दापोलीजवळच्या बुरोंडीची, मच्छीमाराच्या घरातली, बारावी झालेली. दोन मुलं घेऊन माहेरी राहत होती आणि चार ठिकाणी नोकरीसाठी अर्ज टाकून बसली होती. या कामासाठी तिने मुलांसह रत्नागिरीत खोली घेतली. दहा दिवस नीट काम केलंस तर डिसेंबरात दत्ताराम निवृत्त झाल्यावर जागा तुझीच, असं आंबेरकरांनी तिला सांगितलं होतं. रविवारी सकाळी दत्तारामने तिला काम शिकवलं. ‘गेली’ची चौकट तो सकाळी एकदा उघडायचा आणि दुपारपर्यंत तशीच ठेवायचा, त्यामुळे तो टिचकी कुठल्या होडीवर मारतो हे तिला दिसलंच नाही. तिला बसवताना चौकट बंद करून त्याने तोंडी सांगितलं: “होडीचा तोंड समुद्राकडे ती गेली, घराकडे ती आली. बाकी काय नाय.”

तिने तसंच केलं. अगदी तसंच केलं.

बुधवारी साडेनऊला रेडिओ बोलला तेव्हा मी प्रिंटरच्या पोटात हात घालून बसले होते. वनिताने यादी छापायला टाकली. मी कागद हाताने धरून ओढला. बाहेर असलेल्या बोटी: अकरा.

आंबेरकर म्हणाले, “अकराच? बरं झालं. गनीभाई, सुरू करा.”

गनीभाईंनी पहिलं नाव घेतलं आणि हाक मारली. उत्तर नाही. दुसरं नाव. उत्तर नाही. तिसऱ्या नावाला खिडकीबाहेरून कुणीतरी ओरडलं, “आवशीक खाव, कोणाक बोलावतंस? मी हय जाळा शिवतंय ना.”

आम्ही सगळ्यांनी बाहेर बघितलं. ज्या बोटीला गनीभाई समुद्रात शोधत होते ती खिडकीपासून वीस हातांवर बांधलेली होती. तिचा तांडेल तिच्याच फळीवर बसला होता.

वनिता उठली, यादी हातात घेऊन खिडकीशी गेली आणि जेटीवरच्या बोटींची नावं एकेक वाचू लागली. मग तिने यादीवरची नावं बोटाने दाखवली. “ही हय हाय. ही हय हाय. मॅडम, ही पण हयच हाय.”

अकरापैकी नऊ बोटी जेटीला होत्या.

“मगे बाहेर कोण हाय?” आंबेरकरांनी विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. जेटीवर नेहमी पंचवीस-तीस बोटी असतात आणि त्या सकाळी पंधराही नव्हत्या. म्हणजे यादीतल्या उरलेल्या दोन सोडल्या तरी निदान दहा बोटी समुद्रात होत्या आणि आमच्या यंत्राच्या मते त्या सगळ्या घरी आल्या होत्या. त्यांना कुणी हाक मारणार नव्हतं.

मी वनिताला म्हटलं, “एक नोंद करून दाखव. बोट निघाली आहे असं समज.”

तिने उंदीर सरकवला आणि उजवीकडे तोंड असलेल्या होडीवर दोनदा टिचकी मारली. का, ते मी विचारायच्या आतच तिने मानेने खिडकीकडे खूण केली. खिडकी उजव्या हाताला होती. खिडकीत समुद्र होता.

चूक कुठे झाली आहे ते मला एका क्षणात कळलं, आणि तिला अजून कळलं नव्हतं.

दहा वाजले होते. मी कागद घेतला. मला अशा वेळी दुसरं काही येत नाही. कागदावर दोन रकाने पाडले. रविवारपासूनच्या सगळ्या नोंदी उलट्या धरायच्या, त्याच्या आधीच्या सुलट्या. वनिता नाव वाचत गेली, मी लिहीत गेले, आंबेरकर खिडकीतून बघून ‘आहे’, ‘नाही’ सांगत गेले. वीस मिनिटांत तेरा बोटींची खरी यादी तयार झाली. गनीभाईंनी ती ओढून घेतली आणि हाका मारायला लागले. एकेक उत्तर यायला लागलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी जाळी ओढून निघतो म्हणालं. अकरा वाजेपर्यंत बारा बोटी परतीला लागल्या.

तेरावी होती ‘भैरीकृपा’. तांडेल शांताराम, माणसं सात.

तिचं उत्तर येत नव्हतं, यात नवल नव्हतं. तिच्या वायरलेसची बॅटरी महिनाभर आजारी होती. प्रश्न वेगळाच होता. ती मुळात बाहेर होती का? शांताराम कधीकधी बोट इथे न आणता पूर्णगडच्या खाडीत लावायचा आणि आल्याची वर्दी द्यायचा नाही. यंत्रात तिच्या शेवटच्या दोन नोंदी होत्या. त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या बुधवारी ‘गेली’. रविवारी अकरा चाळीसला ‘आली’. रविवारची नोंद दत्तारामने केली असेल तर ती खरी, म्हणजे बोट परत येऊन खाडीत सुखरूप उभी. वनिताने केली असेल तर ती उलटी, म्हणजे शांताराम मध्येच गुपचूप येऊन रविवारी पुन्हा बाहेर पडला होता आणि सात माणसं तीन दिवस समुद्रात होती.

“दत्तारामला फोन लावा,” मी म्हटलं.

त्याच्या गावात दुकानात एक फोन होता. दुकानदार म्हणाला, दत्तारामदादा देवळात बसलेत, आरतीशिवाय उठायचे नाहीत, उठवायला मी कोण? आंबेरकरांनी त्याला बरंच काही ऐकवलं. तो देवळात जाऊन आला. “गुरव म्हणतात, एकनंतर.”

पूर्णगडला एकाला मोटारसायकलवरून पिटाळलं. जाऊन-येऊन त्यालाही एक वाजणार होता.

गनीभाईंनी सांगितलं की शांतारामच्या नेहमीच्या जागेच्या जवळपास एक मोठा ट्रॉलर आहे. त्याला शोधायला पाठवता येईल. पण तो आत यायच्या ऐवजी आणखी बाहेर जाईल, दोन तास फिरेल. त्यावर नऊ माणसं. शांताराम खाडीत झोपलेला असला आणि आपण त्या नऊ जणांना बाहेर ढकललं तर?

“एक वाजेपर्यंत थांबू,” आंबेरकर म्हणाले.

“एकनंतर पाठवून उपयोग नाय,” गनीभाई म्हणाले. “पाठवायचा तर आता.”

पश्चिमेला आता आडवी काळी रेघ दिसायला लागली होती. आंबेरकर वनिताकडे वळले. “तू केलीस का नोंद? आठव ना गो. तू बसली होतीस का दत्ताराम?”

“आम्ही दोघा आळीपाळीने बसत होताव,” वनिता म्हणाली. “माझ्या ध्यानात नाय.”

“ध्यानात नाय म्हणून कसं चालेल? सात माणसं आहेत.”

मी कागदावर प्रश्नचिन्ह काढून त्याच्यावर पुन्हा पुन्हा पेन फिरवत होते.

मग ती हळू म्हणाली, “शांताराम तांडेल म्हणजे ते कानात बाळी असलेले?”

“तेच.”

“ते नळावर पाणी भरत होते.”

“कधी?”

“रविवारी. खिडकीत येऊन माणसा सात म्हणाले, नि मगे नळावर गेले. दोन कॅन भरले. मी म्हटला, आजोबा, नळ नीट बंद करा.” ती उभी राहिली. “मॅडम, येणारा माणूस रिकामा कॅन घेऊन घरी जातो. भरलेला कोण नेतो? बाहेर गेलेत ते.”

आंबेरकरांनी माझ्याकडे बघितलं. गनीभाईंनी कुणाकडेही न बघता ट्रॉलरला हाक मारली.

पुढचे दोन तास लिहिण्यासारखे नाहीत. वारा बारा वाजता सुटला. माझ्या डायरीत दर दहा मिनिटांनी वेळ लिहिलेली आहे आणि पुढे काहीच नाही. एकाला पाच कमी असताना मोटारसायकलवाला आला आणि दारातूनच हात हलवून म्हणाला, खाडी रिकामी. म्हणजे वनिताचं बरोबर होतं. दीड वाजता गनीभाईंच्या यंत्रात खरखर झाली आणि ट्रॉलरचा तांडेल म्हणाला, “दिसली. भैरीकृपा. म्हाताऱ्याला सूचनेचा पत्ताच नाय. शिव्या घालतोय, जाळा टाकलेला हाय म्हणून.”

जाळं तोडून त्यांना निघावं लागलं. दोन्ही बोटी चार वाजता जयगडच्या खाडीत शिरल्या. साडेपाचला आमच्या जेटीवरचे पत्रे उडाले. सातही माणसं जिवंत होती, आणि ट्रॉलर एकनंतर निघाला असता तर ती नसती, हे गनीभाईंनी नंतर मला शांतपणे सांगितलं. वनिता तेव्हा मुलांना न्यायला गेली होती.

शुक्रवारी सोसायटीच्या मंडळाची बैठक झाली. मला बोलावलं होतं. मी उपाययोजनांची यादी करून नेली, अकरा मुद्द्यांची, सुवाच्य अक्षरात. पहिला मुद्दा, फळी पुन्हा लावणे. दुसरा, बोटीची आल्याची नोंद नसेल तर गेल्याची होऊ नये असं कार्यक्रमात टाकणे. असे एकेक. नवव्या क्रमांकावर लिहिलं होतं: ‘चित्रांची दिशा संदिग्ध असल्याने ती बदलावीत.’ ती चित्रं कुणी काढली आणि टेबल फिरवल्यावर ती तपासायचं कुणाकडून राहिलं, ते मी लिहिलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. संगणकातलं माझ्याशिवाय तिथे कुणाला काही कळत नव्हतं.

इतिवृत्तात आंबेरकरांनी लिहिलं: ‘हंगामी लिपिकाच्या दुर्लक्षामुळे तीन दिवसांच्या नोंदी चुकल्या. सचिव व तांत्रिक सल्लागार यांच्या तत्परतेने अनर्थ टळला.’ तांत्रिक सल्लागार म्हणजे मी. वाचून दाखवलं तेव्हा मी तिथे बसले होते. पाण्याच्या कॅनचा उल्लेख नव्हता. मी आंबेरकरांना म्हटलं, “त्या बाईनेच सांगितलं हो शांतारामचं.” ते म्हणाले, “सांगितलं, पण चूक कुणाची?” मी उत्तर द्यायला हवं होतं. माझ्याकडे तेव्हा चौदा सोसायट्यांची आणि पतपेढ्यांची कामं येऊ घातली होती. मी माझ्या कागदाची घडी घातली.

वनिताचे दहा दिवस पूर्ण होऊ दिले नाहीत. डिसेंबरात दत्तारामच्या जागी दुसऱ्याला घेतलं. ती रत्नागिरीतली खोली सोडून बुरोंडीला परत गेली, असं गनीभाईंकडून कळलं. ती स्वतःलाच दोष देते, यंत्राला हात लावायला घाबरते, असंही ते म्हणाले.

अकरापैकी दहा मुद्दे महिन्याभरात पूर्ण झाले. होड्या काढून मी तिथे दोन घरं काढली, एक उघड्या दाराचं आणि एक बंद दाराचं. तीही लोकांना कळली नाहीत. बंद दार म्हणजे माणूस घरात की बाहेर, यावर दोन तास वाद झाला. शेवटी एक लाल ठिपका आणि एक हिरवा ठिपका ठेवला, आणि खाली, ताकीद झुगारून, इंग्रजी अक्षरांत ‘GELI’ आणि ‘AALI’ लिहिलं. काही बंद पडलं नाही. ते पहिल्या दिवशीच लिहिता आलं असतं.

आता ते यंत्र नाही, तो कार्यक्रम नाही. बोटींवर मोबाइल असतात. आंबेरकर वारले. मंडळ नवीन आहे आणि त्याचे अध्यक्ष एकेकाळचे माझे विद्यार्थी आहेत. जुन्या इतिवृत्तावर खुलाशाची पुरवणी जोडता येते का, असं मी त्यांना गेल्या वर्षी विचारलं. “मॅडम, तुम्ही लिहून द्या, मी जोडतो,” असं ते म्हणाले. मी अर्ध्या पानाचा मजकूर लिहिला. त्यात होड्या कुणी काढल्या ते आहे, टेबल कुणी फिरवलं ते आहे आणि पाण्याचे दोन कॅन आहेत. पण तो आधी वनिताने वाचायला हवा, आणि तो पोस्टाने पाठवण्यासारखा कागद नाही.

दर पहिल्या जानेवारीला मी जुन्या डायरीतली राहिलेली कामं नवीन डायरीत उतरवते. यंदा तेवीस होती. दिवाळीपर्यंत त्यातल्या बावीसपुढे खूण झाली. दापोलीच्या गाडीची वेळ मी डेपोत विचारून ठेवली आहे, पत्ता गनीभाईंच्या मुलाकडून घेतला आहे, कागदाची प्रत पिशवीत आहे. बुरोंडीला अजून गेलेले नाही.